सारे भारतीय माझे कोण?

आमच्या शाळेत सकाळचा परिपाठ मैदानावर होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग बातम्या आणि दिनविशेष. प्रतिज्ञा पोरं हात पुढे धरून, घसा ताणून म्हणतात. एके दिवशी ती सांगायची पाळी चौथीतल्या श्रावणीची होती. (मुलांची नावं इथे बदलली आहेत.) परिपाठ संपवून वर्गात आल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, बांधव म्हणजे भाऊच ना? मग सारे भारतीय माझे भाऊ. आणि बहिणी कुठंयत?"

हजेरी घ्यायची होती, पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा होता. "बांधव म्हणजे सगळेच गं," एवढं सांगून मी तिला जागेवर बसवलं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली झाली. "ए भय्या, मागं हो!" ज्याला ढकललं तो सूरज. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली प्रेस मशीनवर आहेत, घर बिहारातल्या सिवान जिल्ह्यात. पोरगा दुसरीपासून आमच्याकडे आहे, पाढे मराठीत म्हणतो, भांडतोही मराठीतच. ढकलणाऱ्याला मी बाजूला घेऊन विचारलं, "भय्या म्हणजे काय रे?" तो लगेच म्हणाला, "बिहारचा."

भय्या म्हणजे थोरला भाऊ, हे त्या नऊ वर्षांच्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कानावर तो शब्द फक्त एकाच कामासाठी पडला होता, माणूस बाहेरचा आहे हे सांगण्यासाठी. सकाळी हात पुढे करून जे म्हटलं त्याचा आणि दुपारी नळावर जे म्हटलं त्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं त्याला वाटायचं कारणच नव्हतं. तो संबंध आम्ही मोठ्यांनी तोडलेला आहे. म्हणून या शब्दांबद्दल लिहिते आहे.

आधी श्रावणीच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं. मी तिला घाईत दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण का बरोबर ते सांगितलं नव्हतं.

बांधव हा शब्द बंधूवरून आला आणि बंधूच्या मुळाशी आहे बंध्, म्हणजे बांधणं. जो आपल्याशी बांधला गेलाय तो बंधू. मराठीत आपण बंधूचा अर्थ आखडून भाऊ एवढाच ठेवला, निमंत्रणपत्रिकेत 'ज्येष्ठ बंधू' लिहितो तसा. संस्कृतात तो इतका अरुंद नव्हता. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन दोन्ही सैन्यांवरून नजर फिरवतो तेव्हा त्याला वडीलधारे दिसतात, आजे, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं, मित्र, सासरे. भाऊ या यादीत वेगळे सांगितले आहेत. आणि पुढच्या ओळीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द येतो, 'सर्वान् बन्धून्'. सासरा बंधू असू शकतो, गुरू असू शकतो, मित्रही असू शकतो. बंधू होण्यासाठी एका आईच्या पोटी यावं लागत नाही.

आपली प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव हे विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. त्यांनी ती १९६२ साली लिहिली आणि १९६५ च्या प्रजासत्ताक दिनापासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. तेलुगूत या जागी 'सहोदर' आहे, म्हणजे एकाच उदरातून जन्मलेले. हिंदीत 'भाई-बहन' झालं. मराठीत ज्यांनी कुणी ती आणली त्यांनी 'बांधव' शब्द घातला. बालभारतीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटल्यावर तो वर्षानुवर्षं आपल्याला भेटतो आहे. श्रावणीला बहिणी सापडल्या नाहीत, हे खरं. तरी माझ्या मते या तिन्हींत मराठी शब्द सर्वांत ऐसपैस आहे. सहोदर म्हटलं की रक्त आलं. भाऊ-बहीण म्हटलं तरी रक्तच आलं. बांधव मात्र रक्ताविषयी काही म्हणत नाही, तो गाठीविषयी बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'बांध' लिहिलं आणि मुलांना त्या कुळातले शब्द सांगायला लावले. बांधणी, बांधकाम, बंधारा, बंध, बंधन, बंधू, बांधव. चाकणच्या भवतालची शेती आता कारखान्यांनी आणि गोदामांनी खाल्ली, तरी निम्म्या मुलांच्या घरी थोडी जमीन आहे. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बांधावरनं भांडणं होतात." बरोबर बोलला. शेताचा बांध दोघांचा असतो. तो दोन वावरं वेगळी करतो आणि तोच पाणी, माती धरून ठेवतो. नांगरताना जो तास-तास करून बांध कोरतो त्याला गाव नावं ठेवतं. आपल्या भाषेने भाऊबंद शब्द केला आणि त्यातूनच भाऊबंदकीही काढली, जिचा अर्थ वाटणीचं भांडण, मोजणी, तारखा. माझ्या माहेरी दोन घरांची तोंडं एका फुटाच्या बांधापायी बावीस वर्षं एकमेकांकडे वळली नव्हती. म्हणजे नात्याच्या शब्दात भांडण असतंच. बांधव म्हणायचं तर गळ्यात गळे घालावेच लागतात, असं नाही. दोघांच्या मधला बांध दोघांनी राखायचा, एवढं मात्र लागतं.

'देश' या शब्दाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. आपल्याकडे देश म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचा मुलूख. कोकणातला माणूस 'देशावर' जायचा. आजही कोकणात देशावरची बाजरी, देशावरचा माणूस असं म्हणतात. आणि उत्तरेतून शिपाईगिरीला, व्यापाराला आलेली घराणी इथेच राहिली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलू लागली, तरी त्यांचं आडनाव परदेशी पडलं. या परदेशी मंडळींचे मतदार यादीत, वकिलांच्या पाट्यांवर, पोलीस खात्यात ठायी ठायी नाव दिसतं. त्यांना कुणी आज परकं म्हणणार नाही. शब्द राहिला, परकेपण विरघळलं. असं होऊ शकतं याचा हा घरचाच दाखला आहे.

एवढासा असलेला देश काश्मीर ते कन्याकुमारी पसरला तो छापखाना, वर्तमानपत्रं आणि सभा यांच्यामुळे. एकोणिसाव्या शतकात हे सगळं घडत होतं तेव्हाच महाराष्ट्रात बंधू हा शब्दही घराबाहेर पडला. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सत्यशोधक विचारांचं पत्र काढलं, त्याचं नाव 'दीनबंधू'. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवलं आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. दीनांचा बंधू म्हणजे दीनांचा भाऊ नव्हे, दीनांशी स्वतःला बांधून घेतलेला.

हाच धागा संविधानात आला. १९४७ च्या जानेवारीत घटना समितीने मंजूर केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. डॉ. आंबेडकरांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना कारणही दिलं, की बंधुभावाची आणि सद्भावाची गरज या देशाला आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणीची कत्तल नुकतीच झाली होती, गांधीजींच्या खुनाला महिनाही झाला नव्हता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी विचारलं, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या वरवरच्या लेपाहून खोल जाणार नाहीत, असंही ते म्हणाले. बंधुतेचा अर्थ त्यांनी सगळ्या भारतीयांमधली आपलेपणाची भावना असा सांगितला. समता कायद्याने देता येते, स्वातंत्र्य न्यायालय राखू शकतं. बंधुता मात्र नळाच्या रांगेतच घडते किंवा बिघडते.

आता नळाच्या रांगेतल्या शब्दांकडे येते.

मुंबई-पुण्यात आपण दोन माणसांना हमखास हाक मारतो. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला 'भय्या' आणि इडली-डोशाच्या हॉटेलवाल्याला 'अण्णा'. हिंदीत भय्या म्हणजे भाऊ, कानडी-तमिळ-तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. दोन्ही शब्द त्यांच्या घरचे, मायेचे. आपण ते उचलले आणि त्यांना ओळखपत्र करून टाकलं. 'तो भय्या आहे' हे वाक्य ज्या सुरात बोललं जातं त्या सुरात कुणी आपल्या भावाचा उल्लेख करत नाही. मराठी माणूस असेल तर तोंडून आपसूक 'दादा', 'भाऊ', 'काका' येतं आणि त्याच रांगेतल्या दुसऱ्या माणसाला भय्या. दोन्हीचा अर्थ भाऊच, पण एक भाऊ आतला, दुसरा बाहेरचा.

याचा चटका मराठी माणसाला ठाऊक नाही असं नाही. घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, हमालीला आलेल्या सातारा-पुण्याकडच्या माणसांना 'घाटी' म्हटलं गेलं. घाट उतरून आला एवढाच मूळ अर्थ, पण शब्द फेकला गेला तो अडाणी, गावंढळ या अर्थाने, आणि फेकणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मुंबईत तो गिळला आहे. ज्यांच्या आजोबांनी तो गिळला त्यांनी दुसऱ्यासाठी तसाच शब्द घडवू नये, एवढी अपेक्षा मला चुकीची वाटत नाही.

पण माझी खरी तक्रार हाकेच्या शब्दाविषयी नाही. हाक सूर बदलला की सुधारते. तक्रार आहे ती 'परप्रांतीय' या शब्दाविषयी. तो रस्त्यावरचा नाही, तो वर्तमानपत्रातला, भाषणातला, पोलिसांच्या पत्रकातला आहे. तो सभ्य दिसतो, म्हणून जास्त चालतो.

हा 'प्रांत' आहे कुठे? प्रांत इंग्रजी अमदानीत होते. मध्य प्रांत, संयुक्त प्रांत, आपला मुंबई इलाखा. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि राज्यं आली, प्रांत नकाशावरून गेले. आणि त्या जुन्या प्रांतांचाच हिशेब लावायचा म्हटलं तर काय होतं पाहा. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यात नव्हतंच. औरंगाबाद, लातूर, नांदेड निजामाच्या हैदराबादेत. सुरत, अहमदाबाद, धारवाड, विजापूर मात्र मुंबईचे, आणि १९३६ पर्यंत कराचीसुद्धा. म्हणजे पुण्यातल्या माणसाला त्या काळी नांदेडचा मराठी माणूस परका आणि कराचीचा सिंधी माणूस स्वप्रांतीय. ज्या रेषा आपल्याच आजोबांच्या हयातीत तीनदा पुसल्या आणि पुन्हा काढल्या, त्यांच्या आधाराने माणसाला 'पर' म्हणायचं?

कुणी म्हणेल, शब्दाने काय होतं, सोय म्हणून वापरतात. शब्दाने बरंच होतं. 'चाकणला अपघात, तीन परप्रांतीय कामगार ठार' या मथळ्यात मेलेल्या माणसांविषयी पहिली गोष्ट काय कळते? ते आपले नव्हते, ही. त्यांचं नाव, वय, काम, मशीनला सुरक्षेची जाळी होती की नव्हती, हे सगळं मागे पडतं. आणि ठेकेदाराची यात मोठी सोय होते. दुसऱ्या राज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, कामगाराला विस्थापन भत्ता आणि येण्याजाण्याचं भाडं द्यावं, अशी तरतूद १९७९ साली केलेल्या केंद्राच्या कायद्यातच होती. तिचं पालन झालं का, असा प्रश्न आमच्या पट्ट्यात क्वचितच कुणी विचारला. स्थानिक पोरगा म्हणतो, परप्रांतीयाने माझी नोकरी खाल्ली. सूरजचे वडील बारा तास उभे राहतात, चार माणसांत एक खोली भाड्याने घेतलेली. दोघांनाही कायम न करणारा तिसराच आहे आणि या शब्दामुळे तो दोघांच्या नजरेआड राहतो.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विटा, आटपाडी, खानापूर हा सगळा अवर्षणाचा टापू. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून इथल्या माणसांनी गलाईचा धंदा धरला आणि ती देशभर पांगली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, सगळीकडे. सराफाकडचं जुनं सोनं, दुकानातली झाडझूड आणायची, मुशीत टाकणखार घालून भट्टीवर वितळवायची, तेजाबाने हीण काढायचं आणि शुद्ध सोन्याची लगड परत द्यायची. दिवसभर धूर, वाफ, डोळ्यांत जळजळ. आमच्याकडची वर्तमानपत्रं या लोकांना 'गलाई बांधव' म्हणतात. यात्रेला गावी आले की त्यांच्यामुळे गाव उजळतं. मग परत जातात आणि तिकडे ते परप्रांतीयच असतात. तमिळनाडूत उत्तरेकडून आलेल्याला 'वडक्कन' म्हणतात, आणि तो शब्दही तिकडे अलीकडे चांगल्या सुरात बोलला जात नाही.

माझे थोरले चुलते सेलमला होते. मी सातवीत असताना त्यांना तिथेच हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. सकाळी गावात फोन आला. वडील आणि आणखी चौघे जीप करून निघाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. वडिलांना वाटलं होतं, परक्या मुलखात काकू एकटी असेल, काय झालं असेल कोण जाणे. प्रत्यक्षात शेजारच्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराने दुकान बंद ठेवलं होतं. बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या होत्या. त्याची बायको रात्रभर काकूपाशी बसून होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. लाकडं आधीच सांगून ठेवलेली. खांदा द्यायला गल्लीतली माणसं उभी होती. त्या दुकानदाराने वडिलांचा हात धरला आणि तो एकच शब्द म्हणाला, "अण्णा." वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी त्या शब्दाशी थांबायचे. तोवर त्यांना अण्णा म्हणजे हॉटेलवाला एवढंच माहीत होतं.

एक जुनं सुभाषित आहे, ते मला त्या घटनेमुळे कळलं असं म्हणते.

उत्सवे व्यसने चैव दुर्भिक्षे राष्ट्रविप्लवे।
राजद्वारे श्मशाने च यस्तिष्ठति स बान्धवः॥

सणात, संकटात, दुष्काळात, राज्यात उलथापालथ होते तेव्हा, सरकारदारी आणि स्मशानात जो उभा राहतो तो बांधव. यात जात नाही, भाषा नाही, प्रांत नाही, पुरुष-बाई असंही नाही. 'यः तिष्ठति', जो उभा राहतो, एवढीच अट. श्रावणीला मी शेवटी हेच सांगितलं, की तुझ्या आजारपणात शेजारच्या ज्या काकू दवाखान्यात थांबल्या त्याही बांधव. 'बांधव आणि भगिनींनो' म्हणायला माझी हरकत नाही, बोलताना मीही म्हणते. पण भगिनी वेगळी जोडली म्हणून बांधव शब्द पुरुषांच्या नावावर करून टाकायला मी तयार नाही. तो आमचाही आहे.

या श्लोकातली प्रत्येक जागा आपण २०२० साली पाहिली. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि मध्यरात्रीपासून सगळं बंद. चाकण, भोसरी, भिवंडीतल्या खोल्यांत माणसं अडकली, पगार थांबला, घरमालकाचं भाडं थांबलं नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर माणसं पायी निघाली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. दुर्भिक्ष ते हेच. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या आणि पोलीस ठाण्याबाहेर अर्जांच्या, डॉक्टरांच्या दाखल्यांच्या रांगा लागल्या. राजद्वार ते हेच. आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करायचे, घरं मध्य प्रदेशात शहडोल, उमरियाकडे. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेने चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या.

त्या दिवसांत महामार्गाच्या कडेने गावागावांत पिठलं-भाकरीच्या पंगती उठल्या, हेही तेवढंच खरं. आमच्या शाळेत निवारा केंद्र होतं. दोन वर्गखोल्यांत एकोणतीस माणसं होती. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी सदतीस दिवस दोन वेळा स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी त्या विचारायच्या, "भय्या लोक किती आहेत आज?" आठवडाभराने विचारायला लागल्या, "रामबाबूचा ताप उतरला का? त्याला भात नको, ज्वारीची पेज करून देते." शब्द कुणी सांगून बदलला नव्हता. ज्याच्या ताटात आपण वाढतो त्याचं नाव आपल्याला कळतं, आणि नाव कळलं की 'भय्या लोक' म्हणणं जमत नाही. त्याच आठवड्यात आलेल्या वर्तमानपत्रात मात्र मथळा होता, 'परप्रांतीयांचे लोंढे'. लोंढा पाण्याचा असतो, माणसांचा नसतो.

मराठीच्या प्रश्नावर मला गप्प बसायचं नाही, कारण याच मुद्द्यावर मला नेहमी अडवलं जातं. मी मराठीची शिक्षिका आहे. बँकेत, पोलीस ठाण्यात, दुकानाच्या पाटीवर मराठी हवी, असं मी ठामपणे म्हणते. १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, २०२० पासून सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, ती नीट शिकवली जाते का हे पाहायला हवं. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्याने मराठी शिकावी, हीही माझी अपेक्षा आहे, आणि ती नात्यातल्या माणसाकडून असते तशी हक्काची आहे. पण मराठी येत नाही म्हणून एखाद्या दुकानदाराच्या कानाखाली मारून त्याची चित्रफीत फिरवणं, यात मराठीचं काय भलं झालं? आमच्या वर्गात यंदा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची अकरा मुलं आहेत. इंग्रजी शाळेची फी परवडत नाही हे एक कारण आहेच, पण आज या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांचे पट टिकून आहेत ते बऱ्याच अंशी या मुलांमुळे. मराठी घरांतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत गेली. सूरजची आई संध्याकाळी त्याच्याकडून बाराखडी गिरवून घेते आणि स्वतः शिकते. तिला परप्रांतीय म्हणून मराठी वाढणार असेल तर मला तो हिशेब समजत नाही.

बेळगावातल्या मराठी माणसाची व्यथा आपण कळकळीने मांडतो. बीडचे ऊसतोड कामगार कोयते बांधून कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, तिथे त्यांना कुणी मारहाण केली तर महाराष्ट्र पेटून उठेल, आणि उठायलाच हवा. ते तिकडे 'पर' आहेत, असं आपण क्षणभर तरी मान्य करू का? भारतात कुठेही जाण्याचा, राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे, तो बीडच्या माणसाला जेवढा आहे तेवढाच सिवानच्या.

आणखी एक सवय मला खटकते. बांधव हा शब्द आपण वर्तमानपत्रात ठरावीक दिवशी, ठरावीक लोकांमागे लावतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी 'मुस्लिम बांधवांनी नमाज अदा केली', सहा डिसेंबरला 'बौद्ध बांधव', नऊ ऑगस्टला 'आदिवासी बांधव'. शब्द चांगलाच आहे, लिहिणाऱ्याचा हेतूही. पण त्याच मुस्लिम बांधवाला सोसायटीत भाड्याने घर बघताना नाव सांगितल्यावर 'जागा गेली' असं ऐकावं लागतं, तेव्हा बांधव कुठे जातो? पुढे जात-धर्म लावल्याशिवाय बांधव म्हणता येत नसेल तर प्रतिज्ञेतलं 'सारे भारतीय' आपण ओलांडूनच पुढे गेलो.

माझी मागणी फार मोठी नाही. मराठी वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी भारतीय नागरिकासाठी 'परप्रांतीय' हा शब्द वापरणं बंद करावं. जिथला माणूस आहे तिथलं नाव लिहावं, बिहारचे कामगार, ओडिशाचे कामगार. तेही गरज असेल तेव्हाच. अपघाताच्या बातमीत गाव लिहायचं तर घरच्यांना कळावं म्हणून लिहावं. मराठी शब्द घडवण्यात आपण कधी मागे नव्हतो. एक शब्द टाकून देणं त्याहून सोपं आहे.

गेल्या महिन्यात परिपाठात बातम्या वाचायची पाळी श्रावणीची होती. वर्तमानपत्रातलं कात्रण ती घरून वहीत चिकटवून आणते. ओळीतून पुढे येण्याआधी ती माझ्याकडे आली आणि बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं वर परप्रांतीय मजूर लिहिलंय. खाली आत झारखंडचं गाव दिलंय. मी वरतीच झारखंडचे वाचू का?"

मी हो म्हटलं. तिने तसं वाचलं, सावकाश, गावाच्या नावासकट.